वाचक विचारतात : अमोनिया, पाणी आणि वरून दाब

गेल्या अंकात बर्फाच्या कारखान्यात थंड करायला वापरतात त्या अमोनियाबद्दल एक छोटं उत्तर दिलं होतं, त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी सगळीकडून पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज आले, आणि वाचत गेलो तर बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतोय, की अमोनिया आणि पाणी एकत्र आले आणि वरून दाब नि उष्णता दिली तर नेमकं होतं काय. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, रागावू नका, पुढच्या अंकात घेऊ.

सर, मी उद्यमबागच्या बाजूला बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर हाय. आमच्या सक्शन गेजचा काटा उणे १५ वर असतोय पण ब्राइन (लाद्या गोठवायचं मिठाचं पाणी) काय तेवढं थंड होत नाही, लादी धरायला आधीपेक्षा लई वेळ लागतोय. गॅस पण भरून बघितला. मिस्त्री म्हणतात अमोनियात पाणी गेलंय. पाणी गेलं म्हणून गेज कसं चुकेल ओ? — एक वाचक, बेळगाव

तुमच्या मिस्त्रींचं बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. गेज मात्र चुकत नाही. गेजला कळतो फक्त दाब. डायलवर बाहेरच्या रिंगवर दाबाचे आकडे असतात आणि आतल्या रिंगवर तापमानाचे, ते तापमान कंपनीने छापून दिलेलं असतं, शुद्ध अमोनिया धरून. शुद्ध अमोनिया उणे १५ डिग्रीला उकळत असेल तर दाब साधारण २.३६ बार असतो, म्हणजे वातावरणाचा दाब वजा करून गेजवर १.३५ च्या आसपास, आणि म्हणून त्या खुणेच्या शेजारी उणे १५ छापलंय, एवढंच.

आता त्या अमोनियात पाणी मिसळलं की अमोनियाचे रेणू पाण्याला धरून बसतात, सहज उडत नाहीत, त्यामुळे त्याच तापमानाला दाब कमी पडतो. उलट बाजूने बघा, दाब तुम्ही कंप्रेसरने १.३५ वरच धरून ठेवलाय, म्हणजे आतलं मिश्रण उकळायला उणे १५ पेक्षा गरम असावं लागतं. काटा उणे १५ दाखवतोय आणि कॉइलमधला (ब्राइन थंड करणाऱ्या पाइपांमधला) द्रव त्यापेक्षा काही डिग्री वर आहे, मग ब्राइन कुठून थंड होणार. ब्राइनमध्ये नीट थर्मामीटर बुडवा, कॉइलच्या पाइपला दुसरा लावा, आणि ते आकडे आणि गेजची आतली रिंग शेजारी शेजारी लिहून काढा, काही दिवस. पण एक लक्षात ठेवा, कॉइलमध्ये तेल साठलं किंवा बाहेरून मीठ-गाळ चढला तरी ब्राइन असंच रेंगाळतं, फक्त तेव्हा पाइपमधल्या द्रवाचं तापमान गेजशी जुळतं आणि ब्राइन एकटंच मागे राहतं. हा फरक बघायला विसरू नका.

आणि हे पाणी आपोआप जात नाही, साठतच जातं. उणे १५ ला अमोनिया उडून कंप्रेसरकडे निघून जातो, पाण्याची वाफ त्या तापमानाला जवळजवळ होतच नाही, म्हणून जेवढं पाणी आत आलं तेवढं थंड बाजूलाच, ॲक्युम्युलेटरमध्ये (कॉइलला जोडलेल्या थंड टाकीत) आणि कॉइलमध्ये पडून राहतं. रिसीव्हरमधला, म्हणजे गरम बाजूच्या टाकीतला अमोनिया तपासून तुम्हाला पाणी सापडणार नाही. नमुना थंड बाजूच्या खालच्या वाल्वमधून काढायचा, अमोनिया उडून जाऊ द्यायचा, मागे राहतं ते पाणी (आणि तेल, ते वेगळं दिसतं). हे काम मास्क, ग्लोव्हज आणि जाणता माणूस शेजारी असल्याशिवाय कुणी करू नये.

पाणी आलं कुठून? सगळ्यात जास्त वेळा ते बादलीतून येतं. आपल्याकडे गॅस काढताना, तेल काढताना वाल्वला रबरी नळी जोडून तिचं टोक पाण्याच्या बादलीत सोडायची पद्धत आहे, वास पसरू नये म्हणून. सुरुवातीला बुडबुडे येतात, नळी थरथरते, पाणी कोमट होतं, मग बुडबुडे बारीक होत जातात आणि नळीतल्या नळीत कडकड असा आवाज यायला लागतो. ह्याच क्षणाला वाल्व बंद व्हायला पाहिजे. कारण साध्या तापमानाला एक लिटर पाणी सुमारे ७०० लिटर अमोनिया वायू पिऊन टाकतं, आतला दाब संपत आला की नळीतला उरलेला वायू पाण्यात विरतो, तिथे पोकळी तयार होते आणि बादलीतलं पाणी नळीतून वर चढून सरळ सिस्टिममध्ये जातं. माणूस चहाला गेला तेवढ्यात. दुसरी वाट म्हणजे दुरुस्तीच्या वेळी सिस्टिम व्हॅक्युमवर घेतात तेव्हा जुन्या सीलमधून ओढली जाणारी पावसाळी हवा, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा किती ओली असते ते खानापूर-जांबोटीकडच्या लोकांना सांगायला नको.

एक गंमत सांगतो, थोडं पाणी चांगलंसुद्धा असतं. अमोनियाच्या स्टीलच्या टाक्यांना आणि टँकरना ताणाखाली बारीक चिरा पडतात, त्या टाळायला अमोनियात मुद्दाम ०.२ टक्के पाणी ठेवतात.

लॅबमधल्या बाटलीवर 'अमोनियम हायड्रॉक्साइड' लिहिलेलं असतं पण आमच्या मॅडम म्हणाल्या तसलं काही वेगळं नसतंच. मग बाटलीत काय असतं? आणि ते बंद भांड्यात तापवत दाबत नेलं तर शेवटी काय होईल? — बीएस्सीचा विद्यार्थी, बेळगाव

मॅडम बरोबर आहेत. बाटलीत मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेला अख्खा अमोनिया. अमोनिया पाण्याकडून एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं नुसतं केंद्रक, घेऊ शकतो आणि मग अमोनियम आणि हायड्रॉक्साइड असे दोन आयन होतात, पण नेहमीच्या एक मोलर (लिटरला सुमारे १७ ग्रॅम अमोनिया) द्रावणात हजार रेणूंमागे चारच असं करतात. बाकीचे ९९६ आहेत तसेच. हा चारचा आकडा जपून ठेव, निपाणीच्या बाईंच्या उत्तरात लागेल.

आता तापव. पहिली गोष्ट, हे मिश्रण एका ठराविक तापमानाला उकळतच नाही. १० बार दाबाखाली शुद्ध अमोनिया २५ डिग्रीला उकळतो, शुद्ध पाणी १८० डिग्रीला. अर्धं-अर्धं मिश्रण घेतलंस तर ते मधेच कुठेतरी उकळायला लागतं, आधी जी वाफ निघते तिच्यात अमोनिया भरपूर असतो, मागे राहिलेला द्रव पाणचट होत जातो, म्हणून त्याला उकळायला आणखी तापमान लागतं, आणि असं ते सरकत सरकत जातं. वाफ एका रचनेची, द्रव दुसऱ्या रचनेचा. १८५९ साली फ्रान्समध्ये फर्दिनांद कारेने कंप्रेसरशिवाय, नुसत्या विस्तवावर बर्फ करणारं यंत्र काढलं ते याच स्वभावावर, पाण्यातून अमोनिया तापवून काढायचा आणि काम झालं की परत पाण्याला प्यायला द्यायचा.

दुसरी गोष्ट, तापमान वाढलं की अमोनियाचा अल्कलीपणा वाढेल असं वाटतं ना? उलटं होतं. आयन एकमेकांपासून सुटे राहतात ते पाण्याच्या विद्युत गुणामुळे, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २५ डिग्रीला ७८ आहे, ३०० डिग्रीला तो २० च्या आसपास येतो. गरम पाण्याला आयन पोसायला जमत नाही, म्हणून अमोनिया तिथे आणखी अशक्त आम्लारी ठरतो, चारचे सुद्धा चार राहत नाहीत.

आणि शेवटी काय होतं म्हणून विचारलंस, तर प्रत्येक शुद्ध पदार्थाला एक क्रांतिक बिंदू असतो. अमोनियाचा १३२ डिग्री आणि ११३ बार, पाण्याचा ३७४ डिग्री आणि २२१ बार. त्याच्या पलीकडे द्रव आणि वाफ असा भेद राहत नाही. मिश्रणात हा बिंदू राहत नाही, त्याची रेषा होते, अमोनियाच्या बिंदूपासून पाण्याच्या बिंदूपर्यंत सलग, जेवढं पाणी जास्त तेवढा तो वर. त्यामुळे २०० डिग्रीला एकटा अमोनिया कितीही दाबला तरी द्रव होणार नाही, पण त्याच्यात पुरेसं पाणी असेल तर तिथेही खाली द्रव आणि वर वाफ अशी स्पष्ट पातळी दिसते. जाड काचेच्या खिडकीतून हे बघतात तेव्हा त्या रेषेजवळ गेल्यावर पातळी आधी पसरट होते, मग आतलं सगळं दुधट, धुरकट होतं, आणि मग पुन्हा निवळ, पण आता पातळी कुठेच नसते. कॉलेजच्या लॅबमध्ये हे करायचा विचारसुद्धा करू नकोस, १५० बारला भांडं फुटलं तर ते बॉम्बसारखंच.

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यूरेनस आणि नेपच्यूनला बर्फाळ महाग्रह म्हणतात असं शिकवलं तर सातवीतली एक मुलगी म्हणाली, बाई, आत हजारो डिग्री असतात मग बर्फ वितळत कसा नाही? मला नीट सांगता आलं नाही. — एक शिक्षिका, निपाणी

बाई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण हा प्रश्न घेऊन लोक आयुष्य घालवतायत.

आधी हे की ग्रहांच्या शास्त्रात 'बर्फ' म्हणतात ते पाणी, अमोनिया आणि मिथेन या तिघांना मिळून, ते सूर्यापासून लांब थंडीत गोठून ग्रहात गेले म्हणून, आज ते गोठलेले आहेत म्हणून नव्हे. प्रचलित मॉडेलनुसार या दोन्ही ग्रहांमध्ये वर हायड्रोजन-हेलियमचं आवरण, आणि त्याच्या खाली या तिघांचा दाट, तापलेला थर, पाणी सर्वात जास्त, अमोनिया कमी. तापमान दोन हजारांपासून पाच-सहा हजार केल्विनपर्यंत, दाब काही लाख ते काही दशलक्ष वातावरण. आत कोणी गेलेलं नाही, जवळून गेलं ते एकटं व्हॉयेजर २ यान, यूरेनसपाशी जानेवारी १९८६ ला आणि नेपच्यूनपाशी ऑगस्ट १९८९ ला. आणि त्याने जे मोजलं त्याने सगळे चक्रावले. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिच्या फिरण्याच्या अक्षाशी ११ डिग्रीच्या आसपास कललंय, यूरेनसचं ५९ डिग्री आणि नेपच्यूनचं ४७, वर ते ग्रहाच्या मध्यावरही नाही, एका बाजूला सरकलेलं. चुंबकीय क्षेत्राला आत वाहता विद्युतवाहक लागतो, पृथ्वीत ते काम वितळलेलं लोखंड करतं. इथे पाणी आणि अमोनिया करतात. कसे?

इथे मागचा चारचा आकडा आठवा. साध्या बाटलीत हजारात चार अमोनिया प्रोटॉन घेतात. अमोनिया आणि पाणी एकास एक घेऊन गोठवलं तर अमोनिया मोनोहायड्रेट नावाचा स्फटिक होतो, त्यातही दोघे आपापले प्रोटॉन धरून गुण्यागोविंदाने राहतात. १९९९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तो दाबून बघितला तेव्हा साडेसहा गिगापास्कलच्या आसपास (एक गिगापास्कल म्हणजे जवळजवळ १०,००० वातावरण) दोन्ही रेणू स्फटिकातल्या जागा सोडतीत निघाल्यासारख्या कशाही वाटून घेतात असं दिसलं, इथे पाणी का अमोनिया याला काही नियमच नाही. पुढच्या प्रयोगांनी त्याच पट्ट्यातून वर जाताना दाखवलं की तिथे बऱ्याच अमोनियाने खरोखर प्रोटॉन उचललेला असतो. म्हणजे जे नाव बाटलीवर खोटं होतं ते सत्तर-ऐंशी हजार वातावरणाखाली बऱ्याच अंशी खरं होतं! आणखी पुढे, अमोनिया दोन भाग आणि पाणी एक भाग असेल तर ६५ गिगापास्कलच्या वर पाण्याच्या रेणूतले दोन्हीच्या दोन्ही प्रोटॉन अमोनिया काढून घेईल, नुसता ऑक्सिजन उरेल, असं २०१७ चं गणित सांगतं. पाण्याचं पाणीपणच गेलं की हो.

हे दाबतात कशाने तर दोन हिऱ्यांनी. हिऱ्यांची टोकं घासून सपाट केलेली, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी किंवा त्याहून लहान, मधे धातूचा पातळ पत्रा आणि त्याला केसाच्या जाडीएवढं भोक, त्या भोकात थंड केलेलं मिश्रण आणि माणकाचा एक कण. चार स्क्रू हाताने आवळायचे, बस. माणकाच्या कणावर लेसर टाकला की तो लाल चमकतो आणि दाब वाढेल तसा तो लाल रंग किंचित किंचित सरकतो, तेच त्यांचं गेज. हिरे पारदर्शक, म्हणून आत काय चाललंय ते डोळ्याने दिसतं. मला या सगळ्या विषयात ह्या यंत्राइतकं मन भरून येण्यासारखं दुसरं काही वाटत नाही, तळहातावर मावतं आणि आत नेपच्यूनच्या पोटातला दाब असतो.

आता दाबाबरोबर उष्णता पण द्या. १९८८ मध्येच गणिताने एक चमत्कारिक शक्यता पुढे आली होती आणि १९९९ मध्ये इटलीतल्या गटाने पाणी आणि अमोनिया दोघांसाठीही ती दाखवली, की ऑक्सिजन किंवा नायट्रोजन आपल्या जागेवर स्फटिकासारखे घट्ट उभे राहतात आणि प्रोटॉन मात्र सगळे सुटतात आणि त्यांच्यामधून द्रवासारखे वाहतात. याला सुपरआयॉनिक अवस्था म्हणतात. मुलांना सांगायचं तर सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमेला बघा, देवळाचे खांब जागच्या जागी आणि त्यांच्यामधून माणसांचा लोंढा चाललेला, कोण कुठल्या खांबाचा असं काही नाही. हे घन आहे की द्रव? दोन्ही. म्हणून ते हजारो डिग्रीला 'बर्फ' म्हणून टिकू शकतं, तुमच्या विद्यार्थिनीला हेच उत्तर. प्रोटॉनला विद्युत भार असतो, ते वाहिले की वीज वाहिली.

अमोनियात ही अवस्था प्रयोगाने २०१२ मध्ये दिसली, सुमारे ६० गिगापास्कल आणि ७५० केल्विनला. पाण्यात २०१८ आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या गटाने लेसरच्या धक्क्याने दाखवली, सगळा प्रयोग सेकंदाच्या अब्जांश भागांत संपतो आणि तेवढ्यात क्ष-किरणांनी ऑक्सिजनची मांडणी टिपली, तिला 'आइस १८' नाव मिळालं. एकास एक मिश्रणातही तीच अवस्था येते असं संगणकावरची गणितं सांगतात. आणि याच्या बऱ्याच आधी, १९८८ मध्ये, त्याच प्रयोगशाळेत पाणी, अमोनिया आणि आयसोप्रोपॅनॉल मिसळून एक 'बनावट यूरेनस' तयार केला होता, त्यावर गॅस-गनने गोळी मारून धक्का दिला आणि त्यातून वीज चांगली वाहते हे मोजलं होतं. एक विचार असा आहे की चुंबकीय क्षेत्र या थराच्या वरच्या, वाहत्या भागात, पातळ कवचात तयार होतं आणि म्हणून ते असं वाकडं-तिकडं आहे, आतला सुपरआयॉनिक भाग जड, सहज न ढवळणारा. पटण्यासारखं आहे, पण एकट्या व्हॉयेजरच्या भरवशावर शिक्कामोर्तब करता येत नाही, यूरेनसला पुन्हा यान गेलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

थंड बाजूचं एक वाक्य सांगून सोडतो. दाब कमी असेल तर हेच मिश्रण, साधारण तिसरा हिस्सा अमोनिया असलेलं, उणे ९७ डिग्रीपर्यंत गोठत नाही. कॅसिनी यानाला शनीच्या एन्सेलॅडस चंद्राच्या फवाऱ्यात अमोनिया सापडला तेव्हा म्हणूनच एवढा आनंद झाला होता, बर्फाखाली पाणी द्रव राहायला त्याची मदत होते.

साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. हाय प्रेशर बॉयलरच्या पाण्यात अमोनिया डोसिंग करतात आणि दुसरीकडे सांगतात पितळेला अमोनिया लावू नका. मग काय खरं समजायचं? — संकेश्वर

दोन्ही खरं. अमोनियाने पाण्याचा पीएच नऊच्या वर ठेवला की स्टील कमी गंजतं, आणि तो वाफेबरोबर उडून सगळीकडे पोचतो, मागे मीठ ठेवत नाही. पण तुमच्या कंडेन्सरला पितळी ट्यूब असतील आणि कुठून हवा शिरत असेल तर अमोनिया, ऑक्सिजन आणि ओलावा मिळून पितळ खातात, विशेषतः ट्यूब वाकवताना, ठोकताना तिच्यात ताण राहिलेला असेल तर ती सरळ चिरते. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं ते हिंदुस्थानातच, ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी ओल आणि काडतुसातला ताण हे कारण १९२१ मध्ये उलगडलं. पितळ मंद तापवून ताण काढला की ते थांबतं. तुमच्याकडे आधी हवा कुठून शिरते ते शोधा आणि कंडेन्सेटमध्ये (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात) तांबं किती येतंय ते तपासून घ्या, नुसता पीएच बघून काम भागणार नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, वाया जाणाऱ्या गरम पाण्यावर अमोनिया-पाण्याने वीज होते काय. होते. मघाशी सांगितलं तसं मिश्रण सरकत्या तापमानाला उकळतं, म्हणून थंड होत जाणाऱ्या गरम पाण्याच्या शेजारी ते शेवटपर्यंत उष्णता घेत राहतं. अलेक्झांडर कलिनाने यावरून चक्र बांधलं, आइसलँडमध्ये हुसाविकला २००० साली सुमारे १२० डिग्रीच्या भूगर्भातल्या पाण्यावर दोन मेगावॉटचं केंद्र सुरू झालं. आपल्याकडे उसाच्या चिपाडावर सरळ बॉयलर चालतो, त्यामुळे हिशोब आधी करा, मग उत्साह.

आमच्या घराजवळ कोल्ड स्टोरेज आहे. गॅस लीक झाला तर पाणी मारायचं की नाही? एकजण सांगतो मारा, एकजण सांगतो मारू नका. — चिक्कोडी

हवेत पसरलेल्या गॅसवर पाण्याचा बारीक फवारा मारतात, तो अमोनिया पिऊन घेतो, पण ते अग्निशमनवाल्यांचं काम. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी कधीच ओतायचं नाही, पाण्यात विरघळताना इतकी उष्णता बाहेर पडते आणि पाण्याची स्वतःची ऊब पण मिळते, की तो भसकन उकळून ढग दुप्पट होतो. मारा म्हणणारा आणि नको म्हणणारा दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

तुम्ही घरचे लोक मात्र वारा कुठून येतोय ते बघा आणि वाऱ्याला आडवं चालत बाहेर निघा, ढगाच्या पुढे पळू नका. ओला रुमाल किंवा टॉवेल नाकातोंडावर, तोच अमोनिया रुमालातल्या पाण्यात अडकतो, पण हे फक्त निघून जाण्यापुरतं, त्याच्या भरवशावर आत शिरायचं नाही. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी गळतीचा थंड, धुकट ढग आधी जमिनीलगत सरपटतो, म्हणून चरात किंवा तळघरात लपू नका. डोळ्यात गेला तर साध्या वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवायचं, पापणी बोटांनी उघडी धरून, लिंबू-व्हिनेगर काही घालायचं नाही, आणि धुता धुताच कुणालातरी ११२ ला फोन लावायला सांगायचं.